फोम पॅड रंग बघून घेऊ नका: गाडीच्या मशीन पॉलिशसाठी पॅडची निवड

पॉलिशरसोबत मिळणारा पॅडचा संच बहुतेक वेळा सारखाच असतो. सहा-सात रंगांचा एकेक फोम पॅड, एखादा लोकरीचा, आणि खोक्यावर कुठला रंग कशासाठी याचा छोटासा तक्ता. दिसायला भरगच्च, पण कामाला बसलं की दोन दरवाजे होतात न होतात तोच अडचण सुरू होते. हातातला पॅड पॉलिशने चिंब आणि गरम झालेला असतो, आणि त्याच्यासारखा दुसरा कोरडा पॅड संचात नसतो. एका गाडीला सात प्रकारचे पॅड जवळजवळ कधीच लागत नाहीत. एकाच प्रकारचे चार-पाच मात्र हमखास लागतात. त्यामुळे पॅड घेताना आधी प्रकार कमी करायचे आणि मग त्यांची संख्या वाढवायची. कुठले प्रकार ठेवायचे हे कळण्यासाठी फोम काय काम करतो ते समजून घ्यावं लागतं.

हाताशी थर किती असतो

आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर गंज रोखणारा ईडी कोट, प्रायमर, रंगाचा बेसकोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअरकोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पॉलिशिंग म्हणजे चरे बुजवणं नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअरकोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला की चरा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी थोडा क्लिअरकोट कायमचा जातो. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारा थर तोच, म्हणून तो जपून खर्च करायचा.

नख फिरवल्यावर अडकतो तो ओरखडा पॉलिशने जात नाही. त्याच्या मागे लागून कडक पॅड एकाच जागी दाबत राहणं हा क्लिअरकोट फोडण्याचा सर्वात सोपा मार्ग आहे. त्याच्या कडा थोड्या गोल करून उजेडात कमी दिसेल इतपत आणायचा आणि सोडून द्यायचा. रंगाची जाडी मोजणारा मीटर हाताशी असेल तर जरूर वापरा, पण तो सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगतो, त्यातला क्लिअरकोट किती ते नाही. २५० किंवा ३०० आकडा आला तर पॅनल बहुधा पुन्हा रंगवलेला आहे आणि खाली पुट्टीही असू शकते. आकडा मोठा आहे म्हणून तिथे बिनधास्त घासता येतं असा अर्थ काढू नका.

फोम नेमकं काय करतो

खरं कापतात ते पॉलिशमधले अपघर्षक कण, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. फोम ते कण धरून ठेवतो आणि रंगावर दाबतो. फोम कडक असेल तर कण मागे सरकू शकत नाही आणि सगळा दाब रंगावर येतो. मऊ असेल तर कण फोममध्ये थोडा रुततो आणि रंगावर हलका फिरतो. एकच साबण लावून काथ्याने आणि स्पंजने भांडं घासण्यात जो फरक आहे, तोच इथे. म्हणून कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं पॉलिश, तेच ठेवून नुसता पॅड बदलला तरी निकाल बदलतो. शिवाय फोमच्या छिद्रांच्या कडाही थोडं कापतात, त्यामुळे मऊ रंगावर अतिशय सौम्य पॉलिश लावूनही कडक पॅड आपल्या खुणा सोडून जातो.

फोम हा पॉलियुरेथेनचा. त्याचे तीन गुण बघायचे: कडकपणा, छिद्रांचा आकार आणि छिद्रं उघडी की बंद. दर इंचाला किती छिद्रं बसतात यावरून छिद्रांचा आकार सांगतात. संख्या कमी म्हणजे छिद्रं मोठी आणि फोम खरखरीत. पण मोठी छिद्रं म्हणजे कडक फोम असं समीकरण नाही. मोठ्या छिद्रांचा मऊ फोमही असतो आणि बारीक छिद्रांचा दगडासारखा फोमही.

उघड्या छिद्रांच्या फोममध्ये हवा खेळते. त्यामुळे तो थंड राहतो, पण पॉलिशही आत शोषून घेतो. बंद छिद्रांच्या फोममध्ये पॉलिश पृष्ठभागावरच राहतं, कमी लागतं, पॅड धुवायलाही सोपा जातो. मात्र आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. काही पॅडवर ‘रेटिक्युलेटेड’ असं लिहिलेलं असतं. त्या फोममधल्या पेशींचे पातळ पडदे कारखान्यात उष्णतेने किंवा रसायनाने काढून टाकलेले असतात आणि नुसती जाळी उरते. मोठ्या वर्तुळात भिरभिरणाऱ्या मशिनवर (त्याबद्दल पुढे) आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात अशी उघडी जाळी फायद्याची ठरते.

रंगाची भाषा सगळीकडे एक नाही

पॅडच्या रंगाला उद्योगात एकच मापदंड नाही. पिवळ्याचंच उदाहरण घ्या. लेक कंट्री या अमेरिकी कंपनीच्या नेहमीच्या मालिकेत पिवळा म्हणजे सगळ्यात कडक, कापणारा पॅड. मेग्वायर्सच्या पारंपरिक मालिकेत पिवळा म्हणजे मधला, पॉलिशिंगचा. इटलीच्या रूपेसमध्ये निळा खरखरीत, हिरवा मध्यम, पिवळा सौम्य आणि पांढरा अतिसौम्य. तोच पांढरा लेक कंट्रीकडे रोजच्या पॉलिशिंगचा पॅड आहे. तेव्हा कुणी ‘पिवळा पॅड वापरा’ एवढंच सांगितलं आणि कंपनी सांगितली नाही, तर तो सल्ला कानाआड करावा. बिनब्रँडच्या संचात तर एकाच पिशवीतल्या दोन रंगांचा फोम तंतोतंत सारखा निघतो. फरक असतो तो फक्त रंगद्रव्याचा.

खरी पारख अंगठ्याने होते. दोन पॅड शेजारी ठेवा आणि दोन्ही अंगठ्यांनी एकाच जोराने दाबा. सहज अर्ध्यापर्यंत दबला तर तो फिनिशिंगचा, म्हणजे शेवटची चकाकी आणण्याचा. जोर लावल्यावर दबला आणि सोडताच झटकन वर आला तर मध्यम. दाबताना बोटाला विरोध जाणवला आणि पृष्ठभाग खसखशीत लागला तर कटिंगचा, म्हणजे चरे कापण्याचा. सोडल्यावर खळगा हळूहळू भरत असेल तर फोम हलक्या प्रतीचा आहे. गरम झाल्यावर तो आणखी बसणार. कटिंगसाठी असा पॅड अजिबात घेऊ नका.

आकारांबद्दल थोडक्यात: पृष्ठभागावर खड्डे, चौकटी किंवा षटकोनी खाचा असलेले पॅड मिळतात. सपाट पॅड पॅनलला चिकटून उड्या मारत असेल तेव्हा खाचांमुळे फरक पडतो. पण खाचांमध्ये पॉलिश आणि घासलेला रंग साचतो. घरी काम करणाऱ्याने सपाट पॅड घ्यावा. मधोमध भोक असलेला मिळाला तर उत्तम, कारण त्यातून मधली उष्णता बाहेर पडते आणि पॅड प्लेटवर (मशिनची चकती, जिला पॅड पाठीच्या व्हेल्क्रोने चिकटतो) बरोबर मध्यावर बसवता येतो.

मशीन आधी, पॅड नंतर

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून थोडं सविस्तर. रोटरी मशीन पॅडला नुसतं गोल फिरवतं. १५० मि.मी.चा पॅड मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ १२ मीटर होतो आणि मध्याचा शून्य. म्हणजे कापणं आणि तापणं दोन्ही कडेला होतं. म्हणून रोटरीला जाड पॅड चालतो, किंबहुना लागतोच. ३० मि.मी.च्या आसपास जाडी असली की फोम थोडा वाकतो आणि प्लेटची कड रंगात घुसत नाही. रोटरीची देणगी म्हणजे होलोग्राम, उन्हात हलणाऱ्या सावल्यांसारखे दिसणारे पट्टे. ते घालवायला मऊ पॅड लावून दुसरी फेरी करावीच लागते.

ड्युअल ॲक्शन म्हणजे डीए मशीनमध्ये प्लेट एका छोट्या वर्तुळात भिरभिरते, आणि बेअरिंगवर मोकळी असल्यामुळे हळूहळू स्वतःभोवतीही फिरते. त्या छोट्या वर्तुळाचा व्यास म्हणजे थ्रो. तो ८, १२, १५ किंवा २१ मि.मी. असतो. १५ मि.मी. थ्रोमध्ये पॅडवरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात ४७ मि.मी. वाट चालतो. मिनिटाला ४००० फेरे धरले तर सेकंदाला तीन मीटरच्या थोडं वर. ८ मि.मी. थ्रोला हाच वेग पावणेदोन मीटरच्या खाली राहतो. रोटरीच्या कडेच्या १२ मीटरशी ताडून पाहिलं की डीए सुरक्षित का आणि हळू का, दोन्ही लक्षात येतं.

आता पॅडकडे या. डीएवर जाड आणि मऊ पॅड लावला तर प्लेट भिरभिरते, पण फोम मधल्यामधे पिळवटतो आणि रंगाला टेकलेला पृष्ठभाग जागीच राहतो. मशिनची हालचाल फोम गिळतो, तिची उष्णता होते आणि चरे मात्र जसेच्या तसे. ८ मि.मी. थ्रोच्या स्वस्त डीएला ३५ मि.मी. जाडीचा पॅड लावून ‘मशिनमध्ये दमच नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोष मशिनचा नसतो. अशा मशिनला २० ते २५ मि.मी.पेक्षा जाड पॅड लावू नये. १५ आणि २१ मि.मी. थ्रोला त्यांच्यासाठीच बनवलेले, तळाशी रुंद आणि वर निमुळते पॅड येतात. तिरकी कड तो पिळवटा सोसते.

पॅड फिरतो की नाही हे बघायला प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढा. काम चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. सेकंदाला एखादा फेरा दिसत असला तरी पुरे. रेघ थांबली की कापणंही जवळजवळ थांबलं. दाब जास्त असेल, मशीन तिरकं धरलं असेल किंवा पॅड गोलाईवर असेल. गोलाईवर मोठा पॅड हट्टाने दाबू नका, ७५ मि.मी.चा लावा.

गिअरने सक्तीने फिरणारी डीए मशिनं वेगळी. त्यांचा पॅड कडेला टेकला तरी थांबत नाही. गोलाईवर ती सोयीची, पण थांबत नाही म्हणूनच तिथे रंग लवकर जातो.

चार इंची अँगल ग्राइंडरला पॉलिशचा पॅड बसवून देणारे अजूनही दिसतात. ते मशीन मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतं. १०० मि.मी.च्या पॅडची कड तेव्हा सेकंदाला ५७ मीटरने धावते. फोम फाटून उडतो नाहीतर रंग जळतो. यात मधला मार्ग नाही.

माप आणि बॅकिंग प्लेट

पॅडचं माप प्लेटवरून ठरतं. १२५ मि.मी.च्या प्लेटला १४० ते १५० मि.मी.चा पॅड, फोम प्लेटच्या बाहेर सगळीकडे साधारण १० मि.मी. यायला हवा. प्लेट पॅडच्या व्हेल्क्रोपेक्षा मोठी असेल तर तिची कडक कड आरशाच्या किंवा हँडलच्या शेजारी रंगाला लागते आणि एका क्षणात पांढरा ओरखडा पाडते. उलट प्लेट फारच लहान असेल तर पॅडची कड फडफडते आणि दाब मधेच एकवटतो.

मोठा पॅड म्हणजे काम लवकर, हे अर्धंच खरं. डीएच्या आतलं संतुलनाचं वजन ठरावीक मापाच्या पॅडसाठी बसवलेलं असतं. त्यापेक्षा मोठा किंवा जड पॅड लावला की हाताला मुंग्या येतील इतकी थरथर होते आणि बेअरिंग लवकर जातं. आपल्याकडच्या हॅचबॅकवर सलग सपाट जागा तशी कमीच, त्यामुळे १२५ ची प्लेट पुरते. १५० ची प्लेट मोठ्या एसयूव्हीच्या बोनेट-छताला बरी.

प्लेट घेताना आटे तपासा. आपल्याकडच्या मोठ्या रोटरी पॉलिशरना बहुधा एम-१४ आटे असतात, लहान ग्राइंडरना एम-१०, आणि बऱ्याच डीएंना एम-८ किंवा ५/१६ इंची. यातले शेवटचे दोन दिसायला इतके जवळचे आहेत की दुकानदारही फसतो. हाताने तीन-चार आटे सहज बसले नाहीत तर पाना लावू नका.

गाडी काय सांगते ते विचारा

जपानी गाड्यांचा रंग मऊ, जर्मन गाड्यांचा कडक असं सरसकट सांगितलं जातं. सुरुवातीचा अंदाज म्हणून ठीक आहे. पण एकाच मॉडेलचे दोन रंग वेगळे वागतात, आणि गॅरेजमध्ये रंगवलेला दरवाजा शेजारच्या मूळ दरवाजासारखा मुळीच वागत नाही. म्हणून बोनेटवर मास्किंग टेपने ४५ बाय ४५ सें.मी.चा चौकोन आखून चाचणी घ्यायची. गाडी धुऊन क्ले बार (रंगाला चिकटलेला मळ ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवलेली हवी. नाहीतर बसलेली धूळच पॅडखाली सापडून नवे चरे पाडते.

पहिली जोडी मध्यम फोम आणि मध्यम किंवा सौम्य पॉलिश. नव्या पॅडच्या पूर्ण पृष्ठभागावर बोटाने पॉलिशचा पातळ हात फिरवून घ्या, कोरडा डाग राहू देऊ नका. कोरडा फोम रंगाला ओरबाडतो. मग मटाराएवढे चार थेंब. पुढच्या प्रत्येक चौकोनाला तीन पुरतात, ७५ मि.मी.च्या पॅडला दोन. पहिल्यांदा मशीन एक नंबरवर ठेवून पॉलिश पसरवा, मग चार-पाच नंबरवर घ्या. हात सेकंदाला दोन-तीन सें.मी. इतक्या सावकाश सरकवा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. आडवं एकदा, उभं एकदा ही एक जोडी. अशा दोन ते तीन जोड्या. दाब किती ते बघायला घरातल्या वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवून बंद मशीन दाबून पाहा. कटिंगला चार-पाच किलो, फिनिशिंगला मशिनच्या वजनावर थोडंसंच.

आता चौकोन पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १० ते १५ टक्के मिसळून त्याने पुन्हा पुसा, आणि टॉर्च तिरकी धरून बघा. अल्कोहोलची पुसणी चुकवू नका. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांमध्ये बसून त्यांना लपवतं, आणि दोन धुण्यांनंतर ते पुन्हा दिसू लागतात. नुसत्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात.

चरे राहिले पण चकाकी स्वच्छ आहे, याचा अर्थ कापणं कमी पडलं. अशा वेळी लगेच कडक पॅड उचलण्यापेक्षा पॅड साफ करून आणखी एक जोडी फिरवावी. तरीही जमलं नाही तर त्याच मध्यम पॅडवर जास्त कापणारं कंपाउंड घ्यावं, आणि त्यानंतरच कटिंग पॅडकडे वळावं. काही जण हा क्रम उलटा सांगतात. पण चांगलं कंपाउंड मध्यम फोमवर बहुतेक वेळा इतकं स्वच्छ उतरतं की दुसरी फेरी वाचते. कडक फोमनंतर ती जवळजवळ ठरलेलीच. क्रम कुठलाही धरा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पॅड, पॉलिश आणि वेग एकदम बदलले तर कशाने जमलं ते कळणारच नाही.

चरे गेले पण वर धुरकटपणा आला, तर कापणं झालं आणि आता फिनिशिंग बाकी आहे. मऊ पॅड, सौम्य पॉलिश, वेग तीन-चार, हलका हात. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांना ही फेरी धरूनच चला. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तो धुरकटपणा बऱ्याचदा दिसतही नाही. तिथे एकाच फेरीत थांबून क्लिअरकोट वाचवणं शहाणपणाचं. रंग फारच मऊ असेल तर मध्यम पॅडही खुणा पाडतो, आणि मऊ पॅडवर मध्यम पॉलिश अशी उलटी जोडी चालते.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र पॅडने काढायला जाऊ नका. ते क्षार आहेत, आधी सौम्य आम्लाच्या वॉटर-स्पॉट रिमूव्हरने काढायचे असतात. क्षार गेल्यावर खाली खळगा उरला असेल तर तो पॉलिशिंगचा विषय.

पॅड रंगीत झाला तर

जुन्या गाड्यांवर, आणि साध्या पांढऱ्या रंगाच्या काही वाहनांवर, वेगळा क्लिअरकोट नसतो. तिथे पॅडला गाडीचा रंग लागणं स्वाभाविक आहे. फक्त पॅड लवकर भरतो आणि दर चौकोनाला साफ करावा लागतो. पण क्लिअरकोट असलेल्या लाल गाडीवर पॅड लाल झाला तर तिथेच थांबा. तो थर गेला आहे आणि आता उपाय फक्त पुन्हा रंगवण्याचा. म्हणून आधी गाडीच्या एखाद्या आडबाजूला पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हाताने घासून बघावं आणि गाडी कुठल्या जातीची ते ठरवावं.

कडा, दरवाज्यांवरच्या धारदार रेघा आणि बोनेटच्या टोकांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या एका रेघेवर येतो. तिथे मास्किंग टेप लावा आणि शेवटी टेप काढून मऊ पॅडने एकदाच हलकेच फिरवा. प्लॅस्टिकच्या बंपरची गोष्ट वेगळी. पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक पसरवत नाही, त्यामुळे तोच पॅड त्याच वेगाने बंपर लवकर तापवतो. वेग एक नंबर खाली घ्या. तळहाताची मागची बाजू दोन-तीन सेकंद टेकवता येत नसेल तर तो भाग तसाच निवू द्या. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं बोनेट मशीन लावायच्या आधीच इतकं तापलेलं असतं. सकाळी, सावलीत काम करा. नाहीतर पॉलिश लगेच सुकतं, भुकटी उडते आणि पॅड नुसता घासत राहतो.

पॅड मधोमध सुटणं, म्हणजे फोम आणि व्हेल्क्रो वेगळे होणं, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. कारण बहुधा उष्णता. प्लेट भिरभिरते तेव्हा व्हेल्क्रोचे आकडे आणि फंदे एकमेकांवर घासतात, तापतात, गोंद ढिला होतो. एकच पॅड अर्धा तास सलग चालवला तर महागडा पॅडही सुटतो. दोन-तीन चौकोनांनंतर पॅड उलटा करून मध्यावर हात ठेवा. चटका बसला तर काढून बाजूला ठेवा आणि दुसरा लावा. पॅड वारंवार घसरत असेल तर प्लेटवरचे आकडे वितळलेत का बघा. तसे असतील तर प्लेटच बदलायची, नवे पॅड घेऊन उपयोग नाही.

दुसरी तक्रार, ‘पहिल्या दोन पॅनलना मस्त कापलं, मग काहीच होईना’. पॉलिश जास्त घेतल्याने फोम चिंब आणि मऊ झालेला असतो, आणि पृष्ठभागावर सुकलेलं पॉलिश व घासलेला क्लिअरकोट यांची साय जमलेली असते. कण त्या सायीवर घसरतात. प्रत्येक चौकोनानंतर मशीन हळू चालू ठेवून पॅडवर नायलॉनचा ब्रश धरा. काँप्रेसर असेल तर हवा मारा, ती ब्रशपेक्षा खोलवर पोचते. कापणं कमी झालं म्हणून आणखी पॉलिश ओतणं हा उलटा उपाय.

किती घ्यायचे

बोनेट, छत, डिकी, चार दरवाजे, पुढचे दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर पॅनल आणि दोन बंपर मिळून तेरा भाग होतात. एक पॅड दोन-तीन भाग चालवून बदलायचा म्हटलं तर एका फेरीला पाच लागतात. लहान हॅचबॅकला चार. म्हणून पहिली खरेदी अशी असावी: १४० ते १५० मि.मी.चे मध्यम पॅड पाच, मऊ तीन, कडक दोन. शिवाय ७५ मि.मी.ची प्लेट आणि तिचे मध्यम व मऊ पॅड दोन-दोन, बंपर, खांब आणि आरशांसाठी. फिनिशिंगमध्ये साय कमी जमते म्हणून मऊ पॅड कमी असले तरी चालतात. सगळे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, म्हणजे तुमच्या अंगठ्याने ठरवलेला मध्यम पुढच्या खेपेलाही तसाच निघेल. पैसे कमी असतील तर कडक पॅड आधी वगळा. मऊ वगळू नका.

एकदा एका पॅडवर जे कंपाउंड लावलं, ते धुतल्यावरही त्याच जातीच्या कामाला ठेवा. फिनिशिंग पॅडवर चुकून खरखरीत कंपाउंड गेलं तर धुऊनही काही कण आत राहतात. पॅडच्या पाठीवर मार्करने ‘क’, ‘म’, ‘फ’ लिहिलेलं बरं.

धुणं, वाळवणं, टाकणं

काम संपल्यावर पॅड लगेच धुवा, सुकलेलं पॉलिश निघायला फार त्रास देतं. लगेच जमत नसेल तर कोमट पाण्याच्या बादलीत थोडं पॅड क्लीनर घालून तासभर भिजवा, पण रात्रभर नको. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम असावं. उकळत्या पाण्याने गोंद आणि फोम दोन्ही बिघडतात. पृष्ठभाग बोटांनी चोळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन तळव्यांमध्ये दाबून काढा. फडक्यासारखं पिळू नका, पॅड कडेने फाटतो. मग रिकाम्या बादलीत तोंड खाली करून मशिनवर सावकाश फिरवलं तर बरंचसं पाणी निघून जातं.

वाळवताना फोमची बाजू खाली आणि व्हेल्क्रो वर, म्हणजे उरलेलं पाणी गोंदाकडे उतरत नाही. सावलीत, पंख्याखाली. कडक उन्हात ठेवलेला पॉलियुरेथेन पिवळा पडतो आणि काही महिन्यांत भुगा होऊ लागतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे दोन दिवसांतही पॅड आतून वाळत नाहीत. असा अर्धओला पॅड डब्यात बंद केला की बुरशी धरतो. पूर्ण वाळला की झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्या फळीवर धूळ बसते, आणि त्यातला एखादा वाळूचा कण पुढच्या गाडीचं सगळं बोनेट खराब करायला पुरेसा असतो.

पॅड कधी टाकायचा? दाबल्यावर मधला भाग वर येत नसेल, पृष्ठभागावर कडक चकाकणारे डाग पडले असतील, कड फाटली असेल किंवा व्हेल्क्रो एका जागी जरी सुटलं असेल तेव्हा. चालू मशिनवर सुटलेला पॅड निघून गेला तर रंगावर थेट प्लेट फिरते. मऊ पडलेला पण शाबूत असलेला कटिंग पॅड मात्र हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेला अजून काही वेळा वापरता येतो. एकदा तिथे वापरला की त्याच्यावर ‘ह’ लिहा आणि रंगाच्या पॅडांच्या डब्यात परत ठेवू नका.